सगळ्यांशीच गोड वागणाऱ्यांनी फ्लर्ट कसं करावं?

कुणाचा वाढदिवस कधी, कुणाच्या आईचं ऑपरेशन कोणत्या आठवड्यात, ग्रुपमधलं कोण सध्या गप्प गप्प आहे, हे ज्यांना न सांगता कळतं, त्यांच्यासाठी हा लेख आहे. अशा माणसांच्या ओळखी पटकन होतात, गप्पा रंगतात, मित्रांच्या घरच्यांनाही ती आवडतात. पण मनात कुणी भरलं की नेमकी तिथेच गाडी अडते. तुम्ही त्या व्यक्तीची आपुलकीने चौकशी करता, अडीअडचणीला धावून जाता, तिच्या आवडीनिवडी लक्षात ठेवता आणि तिच्या मनात येतं, "स्वभावच आहे हा. सगळ्यांशी असंच वागणं असतं."

यावर अशी माणसं साधारण एकच उपाय करतात: आणखी काळजी घेतात. माझ्या मते तिथेच चुकतं. सगळ्यांना दहा मेसेज आणि त्या एका व्यक्तीला पंधरा, एवढ्याने कुणाला काही उमगत नाही. तिच्याशी तुमचं वागणं इतरांपेक्षा वेगळं असावं लागतं आणि त्यात तुमची स्वतःची थोडी जोखीम दिसावी लागते. मनातलं काहीच पणाला न लावता केलेली मदत ही शेवटी मदतच वाटते.

आधी या स्वभावाबद्दल थोडं

व्यक्तिमत्त्व चाचण्यांच्या भाषेत या स्वभावाला ईएसएफजे म्हणतात. स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ मध्ये व्यक्तिमत्त्व प्रकारांची मांडणी केली. तिच्या आधारे कॅथरीन कुक ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इझाबेल ब्रिग्ज मायर्स यांनी अमेरिकेत १९४० च्या दशकात एमबीटीआय ही चाचणी घडवली. तिच्यात सोळा प्रकार आहेत. ईएसएफजे म्हणजे लोकांत रमणारा, प्रत्यक्ष दिसणाऱ्या गोष्टींकडे लक्ष देणारा, निर्णय घेताना माणसांच्या भावना जपणारा आणि नियोजन आवडणारा.

ही चाचणी दगडावरची रेघ समजू नका. काही आठवड्यांनी पुन्हा दिली तर बऱ्याच जणांचा प्रकार बदलतो. माणसं दोन कप्प्यांत विभागलेली नसतात, बहुतेक जण अधेमधे कुठेतरी असतात, हा संशोधकांचा आक्षेपही रास्त आहे. तुमचा प्रकार वेगळा निघाला असेल, पण वरचं वर्णन वाचून "हे तर माझंच" असं वाटलं असेल, तर पुढचं सगळं तुम्हालाही लागू आहे.

या मांडणीतल्या दोन गोष्टी मात्र मला फार कामाच्या वाटतात. एक म्हणजे, या माणसांची सर्वांत तरबेज बाजू बाहेर वळलेली असते. खोलीत शिरल्या शिरल्या कोण नाराज आहे ते त्यांना कळतं, पण आपल्याला स्वतःला काय वाटतंय हे उशिरा कळतं. दुसरी म्हणजे त्यांची स्मरणशक्ती. माणसांचे बारीकसारीक तपशील त्यांच्या लक्षात राहतात. पहिली गोष्ट प्रेमात अडचण करते आणि दुसरी मोठी मदत करते.

पहिली पायरी: ही काळजी आहे की ओढ?

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. काळजी घेणाऱ्या माणसाला दुसऱ्याचं दुःख दिसलं की जवळीक वाटायला लागते. कुणाचं नुकतंच ब्रेकअप झालंय, कुणी नव्या ठिकाणी एकटं पडलंय, कुणी कामाच्या ताणाने पिचलंय. तुम्ही आधार देता, ती व्यक्ती तुमच्याजवळ मोकळी होते, रात्री उशिरापर्यंत बोलणं होतं. यातून ओढ निर्माण होऊ शकते, पण दरवेळी होतेच असं नाही. कधी कधी आपण फक्त "माझी गरज आहे" या भावनेच्या प्रेमात असतो.

स्वतःला तीन प्रश्न विचारून पाहा आणि उत्तर द्यायची घाई करू नका. ही व्यक्ती आनंदात आणि सगळं सुरळीत असतानाही मला तिच्याजवळ जावंसं वाटतं का? ती माझ्या काहीही उपयोगाची नसेल आणि मीही तिच्या उपयोगाचा नसेन, तरी सोबत वेळ घालवायला आवडेल का? आणि ती दुसऱ्या कुणाबरोबर हसताना दिसली, तर मला नुसता आनंद होतो की आत कुठेतरी टोचतं?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेकदा खरं निघतं. मैत्रीत सहसा टोचत नाही.

आणखी एक सापळा असतो. चार मित्र म्हणतात, "तुमची जोडी छान दिसते," घरचेही सुचवतात आणि सगळ्यांचं मन राखायची सवय असलेला माणूस नकळत होकाराकडे सरकतो. इतरांना पसंत आहे म्हणून आपल्याला पसंत आहे असं होत नाही. चार दिवस याबद्दल कुणाशी बोलू नका आणि मग बघा, ओढ तेवढीच राहते का.

दुसरी पायरी: तुमचं रोजचं वागणं ओळखा

कागद घ्या आणि तुम्ही सगळ्यांसाठी काय काय करता ते लिहा. सकाळचे शुभेच्छांचे मेसेज, "पोहोचलास का?" ही विचारपूस, आजारपणात फोन, वाढदिवसाची धावपळ, भेटल्यावर मिठी किंवा खांद्यावर थाप, "मस्त दिसतेस आज" अशी सहज दिलेली दाद. ही झाली तुमची रोजची पातळी. यातलं काहीही त्या खास व्यक्तीला इशारा म्हणून चालणार नाही, कारण तिने तुम्हाला हेच इतरांशी करताना पाहिलेलं आहे.

हे किती खरं आहे ते संशोधनातही दिसतं. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांनी २०१४ च्या एका अभ्यासात अनोळखी तरुण-तरुणींच्या जोड्यांना दहा-बारा मिनिटं गप्पा मारायला बसवलं. समोरची व्यक्ती फ्लर्ट करत नव्हती तेव्हा ऐंशी टक्क्यांहून जास्त वेळा ते बरोबर ओळखलं गेलं. पण ती खरोखर फ्लर्ट करत होती तेव्हा पुरुषांनी ३६ टक्के वेळाच ओळखलं आणि स्त्रियांनी तर फक्त १८ टक्के. सरसकट सगळ्यांची ही गत असेल, तर जो माणूस सगळ्यांशी गोड वागतो त्याचा इशारा ओळखणं किती अवघड!

उलटा घोळही होतो. अँटोनिया अॅबी यांच्या १९८२ च्या अभ्यासात पुरुषांनी स्त्रियांच्या साध्या मैत्रीपूर्ण वागण्यात आकर्षणाचा अर्थ जास्त काढल्याचं दिसलं. हसऱ्या, मनमिळाऊ मुलींना याचा अनुभव सांगायला नको. म्हणजे ज्याच्याबद्दल काही नाही त्याचा गैरसमज होतो आणि ज्याच्याबद्दल खूप काही आहे त्याला थांगपत्ता लागत नाही. दोन्हींवर औषध एकच: सरसकट वागण्यात आणि खास वागण्यात स्पष्ट अंतर ठेवायचं.

त्यासाठी सगळ्यांशी तुसडं वागायची गरज नाही. पण एखाद-दोन गोष्टी त्या एकाच व्यक्तीसाठी राखून ठेवा. सगळ्यांच्या दिसण्याची तारीफ करत असाल तर ती सवय जरा आवरा, म्हणजे तुमच्या तोंडून निघालेल्या कौतुकाला वजन येईल.

तिसरी पायरी: लक्षात ठेवलेलं उगीच उधळू नका

इथे तुमची स्मरणशक्ती कामाला येते. पण ती वापरायची पद्धत थोडी बदलायला हवी. सवयीने तुम्ही लक्षात ठेवलेल्या गोष्टीचं लगेच सेवेत रूपांतर करता. त्याला अमुक औषध लागतं, आणून दिलं. तिला लवकर निघायचं असतं, तिचं काम उरकून टाकलं. हे चांगलंच आहे, पण यातून "तू माझ्या मनात असतोस" असं ऐकू येत नाही. त्यापेक्षा तिच्या आवडीचं, विचारांचं, स्वप्नांचं काही लक्षात ठेवा आणि ते तिच्यापर्यंत परत न्या.

एक उदाहरण बघू. एकाच ऑफिसात काम करणारे दोघं. त्याने तीन आठवड्यांपूर्वी बोलता बोलता सांगितलं होतं की लहानपणी तो आकाशातले तारे ओळखायला शिकला होता, पुढे सुटलं. तिच्या नेहमीच्या पद्धतीने ती काय करेल? "अरे, तुला आवडतं ना, हे घे," म्हणून ताऱ्यांवरच्या दहा लिंका पाठवेल. तो "थँक्स!" म्हणेल, विषय संपला. वेगळी पद्धत अशी: एका रात्री ती लिहिते, "आज गच्चीत होते. तीन तारे एका ओळीत दिसले आणि तुझी आठवण झाली. हे कोणते रे?" या मेसेजमध्ये मदत नाही, सोय नाही. ती एकटी होती, तिला तो आठवला आणि ते तिने कबूल केलं, एवढंच. शेवटी प्रश्न असल्यामुळे त्याला बोलायला वावही मिळाला. जोखीम म्हणतात ती हीच, आणि तेवढी पुरते.

चौथी पायरी: प्रश्न विचारा, मग पुढचा प्रश्न विचारा

मनमिळाऊ माणसं बोलण्यात पटाईत असतात, पण घोळक्यात सगळ्यांना सामावून घ्यायच्या नादात ती एका विषयावर टिकत नाहीत. कुणी बोलत नसेल तर तिकडे वळतात, शांतता झाली की भरून काढतात. आवडत्या व्यक्तीशी बोलताना ही यजमानाची भूमिका बाजूला ठेवा.

हार्वर्डमधल्या संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात दिसलं की समोरच्याने दिलेल्या उत्तरावर आधारित पुढचा प्रश्न विचारणारी माणसं लोकांना जास्त आवडतात. स्पीड डेटिंगमध्ये असे प्रश्न जास्त विचारणाऱ्यांना दुसऱ्या भेटीचा होकारही जास्त मिळाला. "काम कसं चाललंय?" हा प्रश्न कुणीही विचारेल. ती म्हणाली, "कंटाळा आलाय," तर लगेच "अगं, होईल सगळं नीट" असा धीर देऊ नका. विचारा, "कशाचा? कामाचा की माणसांचा?" मग ती जे सांगेल त्यातला एक धागा पकडा.

धीर देणं ही तुमची प्रतिक्षिप्त क्रिया आहे, ती रोखणं जड जाईल. पण धीर दिला की संभाषण मिटतं आणि कुतूहल दाखवलं की खुलतं.

इथेच एक महत्त्वाची गोष्ट सांगून टाकतो. तुमच्यासारखी माणसं दुसऱ्याच्या दुःखात आधी पोहोचतात. आनंदाच्या बातमीवर मात्र पटकन "अभिनंदन!" म्हणून पुढे जातात, कारण तिथे आपली गरज नाही असं त्यांना वाटतं. शेली गेबल आणि सहकाऱ्यांच्या २००६ च्या अभ्यासात डेटिंग करणाऱ्या जोडप्यांबाबत उलट चित्र दिसलं: वाईट गोष्टींवर मिळालेल्या प्रतिसादापेक्षा चांगल्या बातमीवर जोडीदार कसा प्रतिसाद देतो याचा नात्याच्या सुखाशी जास्त जवळचा संबंध होता. म्हणून तिला बढती मिळाली, त्याचा प्रोजेक्ट निवडला गेला, कुणी पहिल्यांदा पोहायला शिकलं, तर तिथे थांबा. "सांग ना नीट, कळलं तेव्हा कुठे होतास? पहिला फोन कुणाला केलास?" तो प्रसंग तुमच्यासमोर पुन्हा जगू द्या. दुःखात सोबत करणारा चांगला मित्र वाटतो. आनंद दुप्पट करणारा माणूस हवाहवासा वाटायला लागतो.

पाचवी पायरी: घोळक्यातून बाहेर या

तुम्ही कार्यक्रम ठरवण्यात हुशार असता, म्हणून आवडत्या व्यक्तीला भेटायचं तरी दहा जणांना बोलावता. नकार मिळायची भीती उरत नाही, सगळे खूश राहतात आणि तुमचा सगळा वेळ इतरांची सरबराई करण्यात जातो. हे ताकाला जाऊन भांडं लपवणं झालं. भेटायचं आहे तर भेटायचं आहे असं म्हणा.

आमंत्रण छोटं, स्पष्ट आणि नाही म्हणायला सोपं ठेवा. दोन वाक्यं शेजारी ठेवून बघा:

"आपण सगळे शनिवारी भेटतोय, तुला जमलं तर ये, नाही जमलं तरी काही नाही, पण आलास तर छान."

"शनिवारी संध्याकाळी मोकळा आहेस? त्या चित्रप्रदर्शनाला जाऊ या. दोघंच."

दुसऱ्या वाक्यातलं "दोघंच" हे सगळं काम करतं. तो शब्द उच्चारायला धीर लागतो, म्हणूनच ऐकणाऱ्याला तो कळतो. जागा अशी निवडा जिथे दोघांनाही काहीतरी करायला किंवा बघायला असेल, म्हणजे शांतता आली तरी अवघडल्यासारखं होत नाही. आणि तुमची नियोजनाची हौस आवरा. तास न् तासाचं वेळापत्रक आखलं की समोरच्याला आपण पाहुणे आहोत असं वाटतं. अर्धी संध्याकाळ मोकळी सोडा.

थट्टा, नजर, स्पर्श

हॉल यांच्याच २०१० च्या संशोधनात फ्लर्टिंगच्या पाच शैली मांडल्या आहेत: देहबोलीतून बोलणारी, पारंपरिक, मनापासून जवळीक साधणारी, सभ्य-संयत आणि खेळकर. काळजी घेणारी, मिळून-मिसळून राहणारी माणसं माझ्या पाहण्यात बहुधा मनापासूनच्या आणि संयत शैलीच्या मधे कुठेतरी असतात. संयत शैलीची अडचण अशी की तिच्यात मर्यादा इतकी सांभाळली जाते की समोरच्याला ते फ्लर्टिंग वाटतच नाही. तेव्हा थोडा खेळकरपणा उसना घ्या.

थट्टा करताना तुम्हाला वाटतं, कुणी दुखावलं तर? ही भीती चांगली आहे, तीच तुमची मर्यादा ठरू द्या. समोरच्याच्या रूपावर, कुटुंबावर, कमीपणा वाटणाऱ्या गोष्टीवर कधीच नको. तिच्या ठाम आवडीवर मात्र खुशाल करा: "तुझ्याइतकं गंभीरपणे कॅरम खेळणारं मी कुणी पाहिलं नाही. सोंगटीलासुद्धा दडपण येत असेल." ती उलट टोमणा मारते का बघा. मारला तर खेळ सुरू झाला. ती नुसतं कसनुसं हसली तर विषय बदला.

नजरेबद्दल जास्त सांगायला नको. घोळक्यात काहीतरी गमतीशीर घडलं आणि तुम्ही आपसूक आधी तिच्याकडे पाहिलंत, तर ते तिला कळतं. स्पर्शाच्या बाबतीत तुम्ही मुळातच मोकळे असाल, तर इथे उलट हात आखडता घ्या. तुमच्यासाठी जो स्पर्श साधा आहे तो तिच्यासाठी नसू शकतो. ती स्वतःहून जवळ सरकते का, हात मागे घेत नाही ना, एवढं बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही. शंका असेल तर विचारायचं.

मेसेजची शिस्त

"जेवलीस का?", "झोपलास का?", "औषध घेतलंस ना?" हे तीन प्रश्न दिवसातून कितीदा जातात ते एकदा फोन उघडून मोजा. अशा मेसेजने तुम्ही पालकाच्या खुर्चीत जाऊन बसता आणि पालकाबद्दल ओढ वाटत नाही. आठवड्यातून एखादा चालेल. बाकी वेळा विचारपुशीऐवजी स्वतःचं काहीतरी पाठवा: आज काय बघितलंत, कशाने हसू आलं, कशाने चिडचिड झाली.

उत्तर आलं नाही तर दुसरा मेसेज नको. "काही चुकलं का माझं?" हा तर अजिबातच नको. लोक कामात असतात, झोपतात, विसरतात. तुम्ही झटपट उत्तर देता म्हणून सगळ्यांनी द्यावं असं नाही.

सहावी पायरी: घ्यायला शिका

हे या माणसांना सगळ्यांत कठीण जातं आणि माझ्या मते याच एका पायरीने सर्वांत जास्त फरक पडतो. तुम्ही सतत देणाऱ्या बाजूला उभे असता. कुणी मदत करू लागलं की "अरे राहू दे, मी करतो" तोंडातून निघतं. कुणी कौतुक केलं की "कसलं काय, काहीतरीच!" म्हणून झटकता. त्यामुळे जिला तुमच्याबद्दल काही वाटतंय, तिला ते दाखवायला जागाच उरत नाही. शिवाय सतत उपकाराखाली राहणं कुणालाच आवडत नाही. माणूस हळूहळू दूर सरकतो आणि आपण इतकं करूनही असं का, हे तुम्हाला कळत नाही.

म्हणून मुद्दाम छोटी मदत मागा, आणि ती खरी हवी. "मला उद्या मुलाखतीला जायचंय, जाम टेन्शन आलंय. दहा मिनिटं बोलशील?" कौतुक झालं तर "थँक यू, हे तुझ्याकडून ऐकून बरं वाटलं" एवढंच म्हणा आणि गप्प बसा. कुठे जायचं ते तिला ठरवू द्या, तिने निवडलेली जागा तुम्हाला फारशी रुचली नाही तरी. आणि एखाद्या विषयावर तुमचं मत वेगळं असेल तर ते सांगा. प्रत्येक गोष्टीला "हो, मलाही" म्हणणाऱ्या माणसाशी प्रेम करायचं तर नेमकं कुणावर करायचं, असा प्रश्न पडतो.

माझ्या ओळखीतल्या एकाचं असंच होतं. सगळ्यांच्या मदतीला धावणारा, कधी कुणाकडे काही न मागणारा. पाय मुरगळून घरी बसला, तेव्हा एक मैत्रीण रोज संध्याकाळी यायला लागली. पहिले दोन दिवस त्याने "कशाला त्रास घेतेस" चालवलं. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, "मी येऊ नको का?" तो म्हणाला, "ये. मी पाच वाजल्यापासून वाट बघत असतो." आधीच्या कित्येक महिन्यांच्या धावपळीने जे झालं नव्हतं, ते त्या एका वाक्याने झालं.

सातवी पायरी: प्रतिसाद वाचा, पण प्रामाणिकपणे

तुम्हाला माणसं वाचता येतात, पण स्वतःची आशा गुंतली की नजर धूसर होते. सौजन्याला होकार समजू नका. ती व्यक्ती स्वतःहून संपर्क करते का? तुमच्याबद्दल प्रश्न विचारते का? भेट रद्द झाली तर दुसरा दिवस सुचवते का? तुम्ही आठवडाभर पुढाकार घेतला नाही तर काय होतं? या चारही प्रश्नांची उत्तरं निराशाजनक असतील तर तिथे मैत्री आहे, आणि तीही मोलाची आहे.

हाताखाली काम करणारी, तुमच्याकडे शिकणारी किंवा कोणत्याही कारणाने तुम्हाला नाही म्हणायला कचरणारी व्यक्ती असेल, तर तिचं हसणं-बोलणं पुरावा म्हणून धरताच येत नाही. तिथे पाऊल टाकू नका.

आठवी पायरी: सांगून टाका

चांगले इशारे मिळताहेत, दोघांच्या चार-दोन भेटी झाल्या आहेत, तर आता आडवळणं पुरे. मित्रांकरवी खडा टाकून बघायचा मोह होईल, कारण नात्यातली कोणतीही ताटातूट तुम्हाला सहन होत नाही. पण मध्यस्थ आला की गोष्ट गावभर होते आणि समोरच्यावर दडपण येतं. स्वतः बोला, दोघंच असताना, आणि थोडक्यात.

"मला तू आवडतेस. मैत्रीण म्हणून तर आहेसच, पण त्याहून जास्त. तुला काय वाटतं ते लगेच सांगायची गरज नाही."

यापुढे एक शब्द नको. "पण तुला नसेल वाटत तरी ठीक आहे, आपली मैत्री तशीच राहील, तू वाईट वाटून घेऊ नको" अशी शेपटी जोडलीत तर तुम्ही पुन्हा तिचीच काळजी घ्यायला लागलात आणि मुख्य वाक्य त्यात बुडून गेलं. शांतता सोसा.

नकार आला तर "सांगितलंस ते बरं केलंस" म्हणा आणि त्या दिवशी लवकर निघा. दुसऱ्या दिवशीपासून काहीच झालं नाही असं दाखवत दुप्पट गोड वागू नका. ते तुम्हालाही झेपणार नाही. काही आठवडे अंतर ठेवा, जवळच्या एखाद्या मित्राला सांगा, रडू आलं तर रडा. "आणखी थोडं केलं असतं तर हो म्हणाली असती" हा विचार हमखास येईल. प्रेम हे केलेल्या कामाचं बिल नाही, त्यामुळे थकबाकी वसूल करायची नसते. कारण विचारून तिला कोंडीत पकडू नका आणि पुन्हा पुन्हा विषय काढू नका.

आणि तुम्ही दुसऱ्या बाजूला असाल तर

अशा एखाद्या मायाळू माणसाला तुम्ही आवडता का, हे ओळखायचं असेल, तर त्याने तुमच्यासाठी काय केलं याकडे बघून उत्तर मिळणार नाही. तो इतरांसाठी काय करत नाही ते बघा. एरवी गर्दीत फिरणारा तो तुमच्याजवळ येऊन स्थिरावतो का? सगळ्यांचं ऐकणारा तो तुमच्याजवळ स्वतःची तक्रार, भीती, राग बोलून दाखवतो का? तुमच्यासमोर त्याची नेहमीची सहजता थोडी अडखळते का? आपल्या जवळच्या माणसांशी तुमची ओळख करून द्यायची त्याला घाई असते का? या स्वभावाच्या माणसासाठी ही शेवटची खूण फार मोठी असते, कारण आपली माणसं हेच त्याचं जग असतं.

तुम्हालाही तो आवडत असेल तर त्याची मदत स्वीकारून गप्प राहू नका, त्याच्यासाठी काहीतरी करा आणि ते त्याला दिसू द्या. त्याच्या कष्टांची दखल घेऊन नेमकं सांगा: "परवा सगळ्यांना घरी सोडून तू शेवटी गेलास, ते मी पाहिलं." अशा वाक्यांवर ही माणसं जीव ओवाळून टाकतात, कारण त्यांचं करणं सगळ्यांनी गृहीत धरलेलं असतं.

फक्त एक खबरदारी घ्या. त्याला बाहेर भेटायला बोलावताना किंवा मनातलं सांगताना उत्तर तिथल्या तिथे मागू नका, आणि चार लोकांसमोर तर मुळीच नको. कुणाचं मन मोडायला नको म्हणून ही माणसं पटकन "हो" म्हणून जातात आणि मग आतल्या आत कुढत बसतात. "दोन दिवस विचार कर, नाही म्हणालास तरी मी रागावणार नाही," असं म्हणा आणि ते दोन दिवस खरोखर विषय काढू नका. तिसऱ्या दिवशी त्याने आपणहून फोन केला, तर त्या उत्तरावर विश्वास ठेवायला हरकत नाही.